बक्षीसपत्रातली सांभाळाची अट : पार्श्वभूमी

आई-वडिलांना सांभाळण्याची सक्ती २००७ च्या ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण कायद्याने आली असं धरून चालतात, पण ती जुनी आहे. १९५६ च्या हिंदू दत्तक व निर्वाह कायद्यात ती होतीच. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेने ती सर्वधर्मीयांना लागू केली, आणि लग्न झालेली मुलगीही त्यातून सुटत नाही हे १९८७ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका खटल्यात ठरलं. हे सगळं मात्र पोटगीपुरतं. पक्षाघात झालेल्या माणसाला दिवसातून चार वेळा कूस कोण बदलून देणार, याची तजवीज कुठेच नव्हती.

२००७ नंतर प्रांताधिकाऱ्याकडे साधा अर्ज करता येऊ लागला, पोटगीची कमाल मर्यादा महिना १०,००० रुपये ठरली. खरा वाद मात्र या कायद्याच्या कलम २३ चा. सांभाळाच्या अटीवर बक्षीसपत्र करून घर मुलाच्या नावे केलं आणि त्याने ‘मूलभूत शारीरिक गरजा’ भागवल्या नाहीत, तर ते बक्षीसपत्र रद्द होऊ शकतं. या गरजा कोणत्या, हे कायदा सांगत नाही. इन्सुलिन वेळेवर देणं त्यात येतं का? डायलिसिसला आठवड्यातून दोनदा नेणं? शिवाय अट लिहायची कुणी? निबंधक कार्यालयात मुलासमोर बसून ‘मला सांभाळशील तरच’ असं लिहून घेणारे आई-वडील विरळाच. २०२२ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने अट सिद्ध झाल्याशिवाय कलम लागू होत नाही असं म्हटलं. जानेवारी २०२५ मध्ये त्याच न्यायालयाच्या दुसऱ्या पीठाने कायद्याचा हेतू पाहून उदार अर्थ लावावा असं सांगितलं आणि एका आईचं बक्षीसपत्र रद्द केलं. तिथे अट लिहिलेली होती. कागदावर काहीच नसलेल्यांना या निकालाचा किती आधार मिळेल, याबद्दल मला शंका आहे.

दरम्यान मराठवाड्यातल्या एका जिल्हा परिषदेने २०२० मध्ये आई-वडिलांना न सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्यांचा ३० टक्के पगार कापायचं ठरवलं. टाळ्या पडल्या. जो सांभाळतो त्याच्यासाठी ठरावात काही नव्हतं. २००७ च्या कायद्यात बदल सुचवणाऱ्या २०१९ च्या दुरुस्ती विधेयकाने सून-जावयालाही जबाबदार धरलं होतं; सून तोवर कायद्यात नसूनही बहुतेक घरांत अंथरुणाशी तीच होती. ते विधेयक लोकसभा विसर्जित होताच बारगळलं.

२०२४ पासून सत्तरीपुढच्या सगळ्यांना केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेतून ५ लाखांपर्यंत उपचार मिळतात, तेही दवाखान्यात भरती झाल्यावर. घरी परतल्यावर १५ दिवसांची औषधं योजनेत बसतात. त्यापुढची गोळ्या-डायपरची यादी आणि ब्युरोकडून देखभालीला ठेवलेल्या बाईचा पगार घरच्यांनीच भागवायचा.