पाटीवर ‘कॉन्व्हेंट’, पण शाळा कुणाची?

गेल्या वर्षी माझी मावसबहीण मुलीचं नाव घालायला एका शाळेत गेली. शाळेच्या नावात सुरुवातीला ‘सेंट’, शेवटी ‘कॉन्व्हेंट’, आणि गेटावर मेरीमातेचं चित्र. ‘सिस्टर लोकांची शिस्त बरी असते गं,’ असं म्हणून तिने पैसे भरले. जूनमध्ये कळलं, शाळेत एकही सिस्टर नाही. संस्था एका कुटुंबाची, आणि मुख्याध्यापिका दोन वर्षांत तिसऱ्या. शिकवणं वाईट नव्हतं, पण ज्यासाठी तिने ती शाळा निवडली, तेच तिथे नव्हतं.

बेळगाव, खानापूर, निपाणीकडे इंग्रजी माध्यमाच्या कुठल्याही शाळेला आपण सरसकट ‘कॉन्व्हेंट’ म्हणतो. खरं तर व्रतस्थ सिस्टर एकत्र राहतात ते घर म्हणजे कॉन्व्हेंट. त्या घरांना लागून शाळा निघाल्या आणि शब्द शाळेला चिकटला. पुढे तो कुणीही पाटीवर घालू लागलं. ‘कॅथलिक’ या शब्दाचं मात्र तसं नाही. चर्चच्या कायद्यातलं ८०३ वं कलम सांगतं की धर्माधिकाऱ्यांच्या संमतीशिवाय कोणत्याही शाळेने स्वतःला कॅथलिक म्हणवून घेऊ नये.

म्हणून पहिला प्रश्न फीचा नाही, ‘शाळा कोण चालवतं?’ हा विचारा. कॅथलिक शाळेमागे एक तर धर्मप्रांत, म्हणजे बिशपच्या हाताखालचा प्रदेश, असतो (बेळगावचा १९५३ साली झाला) किंवा फादर-सिस्टर लोकांचा एखादा संघ. बेळगाव कॅम्पातलं सेंट पॉल्स हायस्कूल जेजुइट नावाच्या संघाच्या फादरांचं, १८५६ पासूनचं. आणि ख्रिस्ती शाळा म्हणजे कॅथलिकच असंही नाही. बेळगावचीच बेनन स्मिथ शाळा मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाची आहे.

याचा रोजच्या शाळेवर परिणाम होतो. संघाच्या शाळेत मुख्याध्यापक फादर किंवा सिस्टर असतील, तर त्यांची बदली संघाच्या आदेशाने होते. माणूस बदलला तरी शाळेची रीत बरीचशी तीच राहते. खासगी संस्थेत सगळं मालकावर असतं. मालक तळमळीचा असेल तर ती शाळा मिशनच्या शाळेपेक्षा सरस निघू शकते, मी अशा पाहिल्या आहेत. पण त्याची खात्री पाटी देत नाही. वर्गात शिकवणारे शिक्षक तर दोन्हीकडे बहुतेक आपल्यासारखेच घरसंसारी असतात.

आता घरातली मोठी माणसं दबक्या आवाजात विचारतात तो प्रश्न: ‘पोराला बाटवणार नाहीत ना?’ या भीतीला मी हसणार नाही, आपल्या घरचे संस्कार प्रत्येकाला प्रिय असतात. पण कायदा माहीत असू द्या. घटनेच्या कलम २८(३) नुसार सरकारमान्य शाळेत धर्मशिक्षणाला किंवा उपासनेला बसण्याची सक्ती करता येत नाही. मूल अल्पवयीन असेल तर पालकांची संमती लागते. साधारणपणे कॅथलिक मुलं धर्मशिक्षणाच्या तासाला जातात, बाकीच्यांना त्या वेळी मॉरल सायन्स असतं. भिंतीवर क्रूस दिसेल, सकाळी प्रार्थना होईल, डिसेंबरात नाताळचा गोठा सजेल. हे चालणार नसेल तर आधीच ठरवा. प्रवेश अर्जाच्या शेवटी बारीक अक्षरात हमीपत्र असतं, ते सही करण्याआधी पूर्ण वाचा.

दुसरा फरक प्रवेशाचा. घटनेच्या कलम ३० ने अल्पसंख्याकांना स्वतःच्या शाळा काढून चालवण्याचा हक्क दिला आहे. त्यामुळे कॅथलिक शाळेत आधी कॅथलिक मुलांचा विचार होतो, यात डावलल्यासारखं वाटून घेऊ नका. हे कलम ‘धर्म किंवा भाषा’ असं म्हणतं. कर्नाटकात आपण मराठी भाषिक अल्पसंख्याक, म्हणजे इथल्या मराठी संस्थांनाही त्याच कलमाचा आधार आहे. सुप्रीम कोर्टाच्या २०१४ च्या निकालाने अल्पसंख्याक शाळांना आरटीई, म्हणजे शिक्षणहक्काचा कायदा, लागू नाही, त्यामुळे तिथे २५ टक्के मोफत जागांसाठी हेलपाटे घालू नका. नुसत्या नावाच्या कॉन्व्हेंटला आरटीई लागू आहे, तरी २०१९ पासून जवळपास सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर आपल्या राज्यात खासगी शाळेत त्या जागा मिळत नाहीत.

भाषेच्या बाबतीत मात्र दोन्ही सारख्याच, आणि मला खरी काळजी तिथेच वाटते. २०१५ च्या कायद्याने राज्यातल्या सगळ्या शाळांत कन्नड शिकवणं बंधनकारक झालं. ते मुलांनी शिकावंच, इथेच राहायचं आहे. पण इंग्रजी आणि कन्नड यांच्यामध्ये मराठी कुठे बसते? एसएसएलसीला, म्हणजे इथल्या दहावीला, मराठी प्रथम भाषा म्हणून घेता येते, पण शाळेत तो विषय आणि शिकवणारे शिक्षक असतील तरच. नाहीतर मूल घरी मराठी बोलतं आणि दुकानावरची मराठी पाटी अक्षर जुळवत वाचतं. माझ्या भाचीचं तेच झालं. आता ती आणि तिची आई रोज रात्री मराठी बालभारतीचं एक पान मोठ्याने वाचतात. परवा ‘ज्ञ’ला अडली, आणि आजोबांकडून तीनदा गिरवून घेतला.