मुखपृष्ठावर 'सिव्हिल वॉर', पण आत कोणाची गोष्ट? इव्हेंटचं पुस्तक आणि टाय-इनचं पुस्तक

मार्व्हल या अमेरिकी कॉमिक्स प्रकाशनाची दोन पुस्तकं शेजारी ठेवा. एकाचं नाव 'सिव्हिल वॉर', दुसऱ्याचं 'सिव्हिल वॉर: अमेझिंग स्पायडर-मॅन'. मी आधी दुसरं वाचलं. समज असा होता की हे त्याच कथेचं स्पायडर-मॅनच्या बाजूने केलेलं कथन असेल, म्हणजे एक वाचलं की दुसऱ्याची गरज नाही. पुस्तक संपलं तरी युद्ध कोण जिंकलं हे कळलं नव्हतं, आणि शेवटच्या पानावर नवंच संकट उभं राहिलं होतं. पुस्तकात काहीच कमी नव्हतं. मी ते चुकीच्या अपेक्षेने उघडलं होतं.

पहिलं पुस्तक इव्हेंटचं, म्हणजे अनेक नायकांना एकत्र आणणाऱ्या मोठ्या कथेचं. मार्क मिलर यांचं लेखन आणि स्टीव्ह मॅकनिव्हन यांची चित्रं असलेली ही सात अंकांची स्वतंत्र मालिका 2006-07 मध्ये आली. स्टॅमफर्डमध्ये नायट्रो नावाचा खलनायक स्फोट घडवतो, सहाशेहून जास्त माणसं मरतात आणि सरकार सुपरहिरोंच्या नोंदणीचा कायदा आणतं. आयर्न मॅन कायद्याच्या बाजूने, कॅप्टन अमेरिका विरोधात. सुरुवात, मध्य, शेवट सगळं त्या सात अंकांत आहे.

दुसरं पुस्तक टाय-इनचं, म्हणजे त्या मोठ्या कथेला जोडलेल्या अंकांचं. त्यात 'अमेझिंग स्पायडर-मॅन' या कित्येक वर्षं चालत आलेल्या मालिकेचे 532 ते 538 हे अंक आहेत, लेखक जे. मायकल स्ट्रॅझिन्स्की. मालिकेची वाट आधीपासून सुरू होती, पुढेही चालूच राहिली, मधल्या सात अंकांत ती युद्धातून गेली एवढंच. म्हणून या पुस्तकाचा कणा युद्ध नसून पीटर पार्कर, म्हणजे मुखवट्यामागचा स्पायडर-मॅन आहे.

एकच प्रसंग दोन्हीकडे पाहिला की हे नीट कळतं. इव्हेंटच्या दुसऱ्या अंकाच्या शेवटी पीटर पत्रकार परिषदेत मुखवटा काढतो. तिथे तो जगाला हादरवणारा क्षण आहे, आणि पान उलटलं की कथा पुढे धावते. टाय-इनमध्ये त्या क्षणाआधीची घालमेल आहे, बायको मेरी जेन आणि मे काकूशी झालेलं बोलणं आहे, आणि नंतर घराभोवती बदललेलं सगळं जग आहे. पुढे इव्हेंटमध्ये पीटर बाजू बदलतो तेव्हा तो निर्णय जरा घाईचा वाटतो. नेमका तिथला खड्डा टाय-इन भरून काढतं. कायदा न पाळणाऱ्यांसाठी निगेटिव्ह झोन या दुसऱ्याच विश्वात बांधलेला तुरुंग पीटर स्वतःच्या डोळ्यांनी पाहतो आणि आयर्न मॅनवरचा त्याचा विश्वास तुटत जातो. माझ्या मते सिव्हिल वॉरचं नैतिक ओझं इव्हेंटपेक्षा या सात अंकांत जास्त जाणवतं. पण युद्ध कसं संपलं हे विचाराल तर त्याचं उत्तर इथे नाही. 538व्या अंकाच्या शेवटी मे काकूला गोळी लागते. किंगपिन या गुन्हेगारी टोळीच्या म्होरक्याने तुरुंगातून आखलेला तो हल्ला इव्हेंटच्या पुस्तकात नाहीच, त्याचे परिणाम स्पायडर-मॅनच्या पुढच्या अंकांत येतात.

दोन्ही एकमेकांत किती गुंतलेले असतात हे अंक छापले जात असतानाच दिसलं होतं. मूळ मालिकेच्या चौथ्या अंकाला उशीर झाला, तेव्हा टाय-इनचे अंकही मागे ढकलावे लागले, कारण ते आधी आले असते तर मुख्य कथेतली रहस्यं फुटली असती.

सर्वांत जास्त गोंधळ होतो तो कॅप्टन अमेरिकाच्या मृत्यूबद्दल. सिव्हिल वॉरनंतर त्याला गोळ्या घालतात हे ऐकून वाचक इव्हेंटचं पुस्तक उघडतो, तर तिथे शेवटी तो फक्त शरण जातो. मग 'सिव्हिल वॉर: कॅप्टन अमेरिका' उघडतो, त्यात त्याच्या मालिकेचे 22 ते 24 हे अंक आहेत. मृत्यू 25व्या अंकात आहे, आणि तो अंक 'द डेथ ऑफ कॅप्टन अमेरिका' या पुढच्या संकलनात पडतो. नावावर विसंबलात तर दोन पुस्तकं वाचूनही तो प्रसंग हाती लागत नाही.

म्हणून मुखपृष्ठापेक्षा पुस्तकात कोणते अंक आहेत ती ओळ आधी वाचा. ती बहुधा मागच्या बाजूला किंवा सुरुवातीच्या पानांत बारीक अक्षरांत असते. इव्हेंटचंच नाव आणि एकपासून सुरू होणारे आकडे असतील तर ते मूळ पुस्तक. एखाद्या नायकाच्या मालिकेचं नाव आणि मधलेच आकडे असतील तर टाय-इन. 'सिव्हिल वॉर: फ्रंट लाइन' मात्र या खुणेला चकवतं. पत्रकारांच्या नजरेतून सांगितलेली ती 11 अंकांची मालिका इव्हेंटसाठीच काढलेली, म्हणून तिचेही आकडे एकपासूनच सुरू होतात. ती टाय-इनच.

वाचताना दोन्ही पुस्तकांचे अंक आलटून पालटून लावण्याचा सल्ला बरेच जण देतात. पहिल्या वाचनाला मी तसं करणार नाही. आधी इव्हेंट सलग संपवावा, मग ज्या पात्राशी आपलं जमतं त्याचं टाय-इन घ्यावं. शेवट माहीत असला तरी स्पायडर-मॅनच्या त्या अंकांची धार कमी होत नाही.

काही इव्हेंटमध्ये ही वाटणीच वेगळी असते. 1992 साली सुरू झालेल्या 'एक्स-क्युशनर्स साँग'ला स्वतंत्र मुख्य मालिका नव्हतीच. 12 भागांची एकच कथा 'अनकॅनी एक्स-मेन', 'एक्स-फॅक्टर', 'एक्स-मेन' आणि 'एक्स-फोर्स' या चार मालिकांतून आळीपाळीने पुढे सरकत होती. तिथे एका मालिकेचेच अंक वाचलेत तर दर चार प्रकरणांतलं एकच वाचल्यासारखं होईल.

मार्व्हलची प्रतिस्पर्धी असलेल्या डीसीच्या 'फायनल क्रायसिस' या इव्हेंटमध्ये तर टाय-इन टाळून चालतच नाही. मँड्रॅक हा खलनायक 'सुपरमॅन बियाँड' या दोन अंकी टाय-इनमध्ये ओळखीचा होतो आणि मग मूळ मालिकेच्या शेवटच्या अंकात येऊन ठाकतो. संकलनात ते दोन अंक मूळ सात अंकांसोबतच घेतले आहेत, त्यामुळे पुस्तक वाचणाऱ्याची सोय झाली. अंक सुटे वाचणाऱ्यांना तो शेवटी एकदम कुठून उगवला हे कळणं अवघड होतं.

याच्या दुसऱ्या टोकाला आहे डीसीच्याच 2011 च्या 'फ्लॅशपॉइंट' या इव्हेंटमधलं 'बॅटमॅन: नाइट ऑफ व्हेंजन्स'. ब्रायन अझरेलो आणि एदुआर्दो रिस्सो यांचे फक्त तीन अंक. त्या इव्हेंटच्या वेगळ्या जगात लहानपणी ब्रूस वेन, म्हणजे एरवीचा बॅटमॅन, मारला गेलेला आहे आणि बॅटमॅन झालेत त्याचे वडील थॉमस वेन. एवढं माहीत असलं की मूळ इव्हेंट न वाचताही ही गोष्ट पूर्ण कळते. इव्हेंटच्या आधीच वाचावं असं टाय-इन कोणी विचारलं, तर मी हेच सुचवेन.