टॅपिंग वेगळं, सीडीआर वेगळा

सोलापुरात पूनम गेटवर धरणं धरणाऱ्या विडी आणि यंत्रमाग कामगारांच्या कार्यकर्त्यांत हे हमखास ऐकू येतं: "फोन टॅप होतोय, म्हणून आम्ही सगळं व्हॉट्सॲपवरच बोलतो." टॅपिंग आणि सीडीआर (कॉल डिटेल रेकॉर्ड, म्हणजे कॉलच्या नोंदी) यांची ही गल्लत आता थांबायला हवी.

टॅपिंग म्हणजे बोलणं ऐकणं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याला साधारणपणे गृहसचिवांचा लेखी आदेश लागतो. आदेश ६० दिवसांचा, वाढवला तरी एकूण १८० दिवसांचा. ते मोबाइल कंपनीच्या यंत्रणेतून होतं, त्यामुळे फोनमध्ये खरखर येत नाही. *#२१# दाबून टॅपिंग कळतं हा मेसेज तर कृपा करून पुढे पाठवू नका. त्यातून फक्त कॉल फॉरवर्ड आहे की नाही एवढंच दिसतं.

सीडीआरमध्ये तुमचं बोलणं नसतंच. कुणाला, किती वाजता, किती सेकंद, कोणत्या टॉवरखालून, कोणत्या हँडसेटवरून, एवढंच असतं. खरी मेख पुढे आहे. टॅपिंग आदेशाच्या दिवसापासून पुढचं ऐकतं, सीडीआर मागचा काढतात. परवान्याच्या अटीनुसार कंपन्यांना तो किमान दोन वर्षं जपावाच लागतो. त्यासाठी गृहसचिवांपर्यंत जावं लागत नाही, पोलीस कंपनीकडून थेट मागवतात. म्हणजे आज तुमच्यावर कुणाची नजर नसली, तरी गेल्या वर्षीची बैठक उद्या मांडता येते: एकाच संध्याकाळी एकाच टॉवरखाली आलेले बारा नंबर.

व्हॉट्सॲप कॉल सीडीआरमध्ये येत नाही, पण नेट वापरल्याची वेगळी नोंद, आयपीडीआर, राहतेच, टॉवरसकट. नवं सिम जुन्या हँडसेटमध्ये घातलं की आयएमईआय, म्हणजे हँडसेटचा ओळख क्रमांक, तोच, म्हणून दोन्ही नंबर लगेच जुळतात. बैठकीच्या दारात फोन बंद करण्यालाही अर्थ नाही, वाटेतल्या नोंदी तोवर झालेल्या असतात. फोन घरीच ठेवा, तोही चालू.

कोर्टात सीडीआर आला, तर वकिलांना भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत लागणारं प्रमाणपत्र आधी तपासायला सांगा. मग टॉवरचा मुद्दा. टॉवर परिसर दाखवतो, नेमकी जागा नाही. माणूस धरण्यात होता की जवळच सिद्धेश्वराच्या दर्शनाला, हे त्यावरून ठरत नाही.