गोल पिंजरा दिसायला छान, पण पक्ष्याला नको

"पिंजरा गोल आन् उंच घ्या, पक्षी मजेत राहतो" असं परभणी-नांदेडकडं बजरीगर (छोटा, रंगीत, परदेशी पोपट) घेताना हमखास ऐकू येतं. हे खरं नाही. बजरीगर सरळ वर उडत नाही, आडवा उडतो. त्याला उंचीपेक्षा लांबी लागते. जोडीसाठी निदान अडीच फूट लांब, चौकोनी पिंजरा घ्या. घुमटाकार पिंजऱ्यात गज वर जाताना एकमेकांजवळ येतात आणि त्या चिमटीत पक्ष्याच्या पायाचं बोट नाहीतर चोच अडकते. चौकोनी पिंजऱ्यातही गजांमधलं अंतर अर्ध्या इंचापेक्षा जास्त नको, नाहीतर डोकं बाहेर निघतं आणि परत आत येत नाही.

वेल्डिंगवाल्याकडून जाळी मारून घेणं स्वस्त पडतं, पण खरी मेख तिथंच आहे. जस्ताचा मुलामा दिलेल्या नव्या जाळीच्या जोडांवर जस्ताचे बारीक पापुद्रे असतात. पक्षी दिवसभर जाळी कुरतडतो, ते पोटात जातात आणि विषबाधा होते. व्हिनेगर लावून ब्रशनं घासलं तर धोका कमी होतो, जात नाही. स्टेनलेस स्टील महाग, पण निर्धास्त.

दांडी गुळगुळीत प्लास्टिकची नको, पेरूची कमी-जास्त जाडीची फांदी बरी. मे महिन्यात पिंजरा पत्र्याखाली ठेवू नका, कूलरच्या थेट झोतातही नाही.

देशी पोपटासाठी पिंजरा बघत असाल, तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं तो घरात पाळणंच गुन्हा आहे.