प्रोग्रामिंग प्रात्यक्षिके (गोव्यातील महाविद्यालये)

वर्गात शिकवलेली संकल्पना विद्यार्थ्याने संगणकावर स्वतः कोड लिहून, चालवून दाखवण्याचे नेमून दिलेले काम म्हणजे प्रोग्रामिंगचे प्रात्यक्षिक. बोलीत नुसते ‘प्रॅक्टिकल’.

श्रेयांक (क्रेडिट) पद्धतीत प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकासाठी साधारणपणे आठवड्याला दोन तास धरतात. सगळा वर्ग प्रयोगशाळेत मावत नसल्याने बॅचेस पाडतात. केलेले काम जर्नलमध्ये उतरते: उद्देश, कोड, आउटपुट आणि शिक्षकांची सही. सत्राच्या शेवटी जर्नल ‘सर्टिफाय’ करून घेण्यासाठी जी झुंबड उडते, तिचा प्रोग्रामिंगशी फारसा संबंध नसतो. वरच्या वर्गातल्यांची जर्नले खाली झिरपतात, हे शिक्षकांनाही ठाऊक असते.

नक्कल ओळखायला १९९४ साली तयार झालेल्या ‘मॉस’सारख्या प्रणाली आहेत. त्या कोडची ठेवण ताडून पाहतात, त्यामुळे चलांची (व्हेरिएबलची) नावे बदलून सुटका होत नाही. पण फॅक्टोरियलचा, म्हणजे एकपासून दिलेल्या संख्येपर्यंतच्या सगळ्या संख्यांच्या गुणाकाराचा, दहा ओळींचा प्रोग्राम प्रामाणिकपणे लिहिला तरी सगळ्यांचा सारखाच दिसतो. तिथे यंत्राचा उपयोग नाही.

उपयोग होतो तोंडी परीक्षेचा, म्हणजे व्हायव्हाचा. समजा, सी भाषेत पाच घटकांचा ॲरे, म्हणजे ओळीने साठवलेल्या मूल्यांची यादी, छापायचा आहे. क्रमांक शून्यापासून चारपर्यंत. लूपच्या (तेच काम पुन्हा पुन्हा करणाऱ्या भागाच्या) अटीत ‘पाचपेक्षा कमी’ आहे; शिक्षक तिथे ‘पाच किंवा कमी’ करायला सांगतात आणि विचारतात, ‘‘आता काय छापेल?’’ पाठ करून आलेला ‘एरर येईल’ म्हणतो. सी मात्र ॲरेची हद्द तपासत नाही. बहुधा शेजारच्या जागेतला भलताच आकडा छापला जातो, क्वचित प्रोग्राम कोसळतो. नक्की काय होईल याची हमी भाषाच देत नाही. एवढ्या एका प्रश्नात जर्नलभरच्या सह्यांपेक्षा जास्त कळते.

गोव्यातल्या पेडणे, डिचोली, सत्तरीकडची बरीच मुले मराठी प्राथमिक शाळांतून येतात आणि पुढे इंग्रजी माध्यमात जातात. कंपायलरचा (कोड यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या प्रोग्रामचा) संदेश इंग्रजीत, शंका कोकणीत, मराठीत किंवा दोन्हींच्या मिश्रणात, असा प्रयोगशाळेतला व्यवहार चालतो. उत्तर इंग्रजीतच हवे असा हट्ट धरला, तर तर्क येत असूनही विद्यार्थी गप्प बसतो. त्यामुळे समजूतदार परीक्षक आधी कोड बदलून दाखवायला सांगतात, बोलायला नंतर.