दंतास्थिरोपण

दंतास्थिरोपण : दातांना आधार देणारे जबड्याचे हाड झिजले किंवा आजाराने नष्ट झाले असता त्या जागी हाड अथवा हाडाला पर्यायी द्रव्य बसवून नवे हाड तयार करवून घेण्याची शस्त्रक्रिया. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या सीमाभागातील मराठी रुग्णांच्या बोलण्यात ती ‘हाड भरणे’ किंवा नुसते ‘ग्राफ्ट’ म्हणून येते. बसवलेले द्रव्य म्हणजेच नवे हाड, असा समज सर्वत्र आढळतो. वस्तुतः ते जागा राखून ठेवते आणि हाड रुग्णाचे शरीरच घडवते.

दंतकोटराचे, म्हणजे दात ज्या खाचेत बसतो तिचे, हाड दातासाठीच असते. दात काढला की चावण्याचा ताण त्याच्यापर्यंत पोहोचत नाही, आतील पातळ थराचा रक्तपुरवठा तुटतो आणि हाड विरघळू लागते. पहिल्या सहा महिन्यांत त्याची रुंदी सुमारे २९ ते ६३ टक्के व उंची ११ ते २२ टक्के घटते, असे मानले जाते. गालाकडील भिंत मुळातच पातळ असल्याने सर्वाधिक ऱ्हास तिथे होतो. वरच्या दाढा गेल्यास त्यांच्यावरील नासाकोटर (नाकाशेजारची हाडातील हवेची पोकळी) खाली पसरते. खालच्या जबड्यात उंची घटून ओठाला संवेदना देणारी मज्जातंतूची नलिका जवळ येते. कृत्रिम दाताचे मूळ म्हणून जबड्यात बसवल्या जाणाऱ्या स्क्रूभोवती सर्व बाजूंनी किमान दीड मिलिमीटर हाड लागते, म्हणजे चार मिलिमीटर जाडीच्या स्क्रूसाठी सुमारे सात मिलिमीटर रुंदी हवी. ती उरली नसेल तर अस्थिरोपणाचा विचार करावा लागतो. हिरड्यांच्या जुनाट विकारात दाताभोवती पडलेले खोल खड्डे, गाठ काढल्यानंतरची पोकळी आणि जन्मतः दुभंगलेली हिरडी ही इतर कारणे होत. दुभंगलेल्या हिरडीत सुळा उगवण्यापूर्वी, साधारण नऊ ते अकरा वर्षांच्या वयात, हे रोपण करतात.

निपाणी परिसर विडीच्या तंबाखूसाठी प्रसिद्ध असून तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या स्त्रियांत मशेरी लावण्याची सवय जुनी आहे. मशेरी किंवा तंबाखू जिथे रोज ठेवली जाते तिथली हिरडी मागे सरते. विडीच्या धुरामुळे हिरडीतून रक्त येणेही कमी होते, त्यामुळे आतले हाड झिजत असताना वरून काही जाणवत नाही आणि दात हलू लागल्यावरच रुग्ण दवाखान्यात येतो.

या शस्त्रक्रियेचा उगम वादग्रस्त आहे. ॲमस्टरडॅमचे शस्त्रवैद्य जोब फान मेकरेन यांच्या १६६८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात, एका रशियनाच्या कवटीतील जखम कुत्र्याच्या कवटीच्या तुकड्याने भरल्याचे आणि पुढे चर्चच्या आक्षेपामुळे तो तुकडा काढण्याचा प्रयत्न झाला असता तो पक्का बसलेला आढळल्याचे वर्णन आहे. अनेक इतिहासकार याला पहिले अस्थिरोपण म्हणतात. मात्र मेकरेन यांनी स्वतः ही शस्त्रक्रिया केली नव्हती. हकीकत ऐकीव होती. शिवाय ‘पक्का बसला’ यावरून तुकडा जिवंत राहिला असे सिद्ध होत नाही. त्यामुळे खात्रीलायक आरंभ १९व्या शतकात धरणे अधिक सयुक्तिक वाटते. फ्रान्समधील ल्योंचे शस्त्रवैद्य लुई ओलिए यांनी १८६७च्या ग्रंथात, अस्थिआवरणासह रोपलेले हाड जिवंत राहून वाढते असे प्रयोगांच्या आधारे मांडले. ग्लासगोचे विल्यम मॅकएवेन यांनी एका मुलाच्या दंडाचे नष्ट झालेले हाड इतर रुग्णांच्या हाडांच्या तुकड्यांनी भरून काढले व त्याचा वृत्तान्त १८८१च्या सुमारास प्रसिद्ध केला. १८९०च्या दशकात जर्मनीतील शस्त्रवैद्य बार्ट यांनी मात्र रोपलेले हाड मरते आणि आजूबाजूचे हाड सावकाश त्याची जागा घेते, असे प्रतिपादन केले. आजच्या ज्ञानानुसार रुग्णाच्या स्वतःच्या ताज्या हाडाच्या पृष्ठभागावरील काही पेशी तग धरतात, उरलेल्या भागाबाबत बार्ट यांचेच म्हणणे ग्राह्य ठरते. दातांच्या बाबतीत १९२३ साली हेगेड्यूश यांनी हिरड्यांच्या विकारात नडगीचे हाड वापरल्याचा उल्लेख सहसा प्रथम येतो. परंतु पहिल्या महायुद्धातील जबड्याच्या जखमांवरचे रोपण याच परंपरेत धरल्यास तो मान मागे न्यावा लागेल. १९६५ साली अमेरिकेतील अस्थिशल्यचिकित्सक मार्शल युरिस्ट यांनी खनिजे काढून टाकलेले हाड स्नायूत ठेवले असताही नवे हाड निर्माण होते, असे दाखवले. त्याच वर्षी स्वीडनमध्ये ब्रोनेमार्क यांनी टायटॅनियमचे स्क्रू पहिल्या रुग्णाच्या जबड्यात बसवले, आणि आजची अस्थिरोपणाची मागणी मुख्यतः त्यातूनच उभी राहिली.

रोपणद्रव्याचे चार प्रकार आहेत. रुग्णाचे स्वतःचे हाड हनुवटी, अक्कलदाढेमागचा भाग किंवा कटीचे हाड येथून घेतात. ते सर्वोत्तम मानले जात असले तरी दुसरी जखम सोसावी लागते. दुसऱ्या माणसाचे हाड प्रक्रिया करून ऊतिपेढीतून (दान केलेली हाडे व इतर ऊती साठवणाऱ्या केंद्रातून) मिळते. मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयाची ऊतिपेढी १९८८ पासून कार्यरत असून तेथे ते गॅमा किरणांनी निर्जंतुक केले जाते. तिसरा प्रकार प्राण्यांच्या, बहुधा गाईबैलांच्या, हाडातील सेंद्रिय अंश काढून केलेल्या कणांचा आणि चौथा हायड्रॉक्सीॲपेटाइट, ट्रायकॅल्शियम फॉस्फेट अशा कृत्रिम द्रव्यांचा. चिकोडी, निपाणी, अथणी भागात जैन व लिंगायत समाज मोठ्या संख्येने आहे, तेथे तिसऱ्या प्रकाराचा प्रश्न नाजूक ठरतो. वर झाकण्यासाठी वापरले जाणारे कोलॅजेन या प्रथिनाचे पटलही पुष्कळदा प्राणिजन्य असते. म्हणून द्रव्य कोठून आले हे रुग्णाला त्याच्या भाषेत आधी सांगून संमती घेणे आवश्यक आहे. कृत्रिम पर्याय उपलब्ध असल्याने त्यात अडचणही नसते.

प्रत्यक्ष कृतीत भूल देऊन हिरडी उचलली जाते आणि हाडाच्या पृष्ठभागावर बारीक छिद्रे पाडून रक्त वर येऊ दिले जाते. लहान वाटीतील कण रुग्णाच्या रक्तात किंवा सलाइनमध्ये भिजवले की ओल्या वाळूसारखे एकत्र येतात. ते दाबून न ठासता खड्ड्यात भरतात, कारण कणांमधील मोकळ्या जागेतूनच नव्या रक्तवाहिन्या शिरतात. वर पटल घालून हिरडी ताण न देता शिवली जाते. टाका सुटून पटल उघडे पडणे हा नेहमीचा उपद्रव. स्क्रू बसवण्यापूर्वी साधारणतः चार ते सहा महिने, नासाकोटराखाली भरले असल्यास सहा ते नऊ महिने थांबावे लागते.

बेळगावातील के.एल.ई. संस्थेचे विश्वनाथ कत्ती दंत महाविद्यालय व मराठा मंडळाचे दंत महाविद्यालय येथे या विषयाचे शिक्षण व उपचार होतात. अथणी, रायबाग भागातील रुग्ण मिरजेलाही जातात.

दात गेलेल्या प्रत्येकाला अस्थिरोपणाची गरज नसते. काढती कवळी किंवा शेजारच्या दातांवर बसवलेला पूल त्याशिवाय होतो, आणि हाड कमी असतानाही काही वेळा आखूड किंवा तिरके स्क्रू चालतात. आटोक्यात नसलेला मधुमेह, सुरू असलेली विडी-सिगारेट आणि हाडे ठिसूळ होण्यावरील बिस्फॉस्फोनेट गटाची औषधे असताना यशाची शक्यता घटते किंवा धोका वाढतो. अशा औषधांची माहिती शस्त्रक्रियेपूर्वी, आणि शक्यतो दात काढण्यापूर्वीच, दंतवैद्याला द्यावी लागते.