पार्श्वभूमी : गाव तबकडीवर, मशीन परदेशातली

ग्लासगोतल्या एका छोट्या कारखान्यात आज तबकड्यांवर मिनाकाम होते आणि आकड्यांचे वळण जुन्या नकाशांतल्या अक्षरांवरून घेतले जाते. ब्रिस्टलमध्ये १८४६ साली सुरू झालेले आणि मध्ये कित्येक वर्षे बंद पडलेले एक नाव २०१६ मध्ये संस्थापकाच्या वंशजाने पुन्हा उभे केले. तिथल्या घड्याळांना शहरातल्या चौकांची आणि वस्त्यांची नावे आहेत. कोणी पोर्ट्समथच्या ऐतिहासिक युद्धनौकेचे लाकूड आणि तांबे घड्याळात बसवतो. ब्रिटनमध्ये गेल्या १०-१५ वर्षांत अशा घड्याळांची चांगलीच चलती आहे. मागचे झाकण उघडले, की बहुतेकांत मशीन स्वित्झर्लंडची निघते. मग ही घड्याळे ब्रिटिश कशी, असा वाद सुरू होतो. हा वाद समाजमाध्यमांनी जन्माला घातला असे मानणाऱ्यांनी एकदा प्रेस्कटला जाऊन यावे.

प्रेस्कट हे लिव्हरपूलजवळचे गाव. अठराव्या शतकात इथल्या आणि आसपासच्या घरांतून कानशी, दातेरी तार, चाके आणि अखेर अख्खी कच्ची मशीन तयार होई. एक घर एकच भाग करी. ही कच्ची मशीन लंडनच्या क्लार्कनवेलमध्ये, कॉव्हेंट्रीत किंवा लिव्हरपूलमध्ये जाई. तिथे ती घासूनपुसून, खडे बसवून, वेळेला लावून पूर्ण केली जाई आणि शेवटी तिच्यावर दुकानाच्या मालकाचे नाव कोरले जाई. कमानीचा जोर चावी संपेपर्यंत सारखा राहावा म्हणून मशीनमध्ये शंकूच्या आकाराचे चाक असे, आणि त्यावर गुंडाळायची केसासारखी बारीक साखळी दक्षिण किनाऱ्यावरच्या क्राइस्टचर्च गावातल्या बायका आणि मुली बनवत. म्हणजे ‘लंडनचे घड्याळ’ प्रत्यक्षात अनेक गावांचे असे. इंग्रजीत ज्याला ‘मेकर’ म्हणत, त्या गृहस्थाने त्यातल्या एकाही चाकाला कानस लावलेली नसे. त्याचे काम निवडीचे, तपासणीचे आणि नाव राखण्याचे. त्याला आपण ‘घड्याळजी’ म्हटले, तर मराठीतला घड्याळजी जास्तच कामाचा ठरेल.

या धंद्याचा सुवर्णकाळ बहुतेकांना माहीत असतो. १६७५ च्या सुमारास बॅलन्सला, म्हणजे मागेपुढे झुलणाऱ्या चाकाला, बारीक कमान बसली, १७५५ च्या आसपास लंडनमध्ये लिव्हर एस्केपमेंट (कमानीचा जोर ठराविक वेगाने थोडाथोडा सोडणारी रचना) सुचले आणि १७५९ मध्ये समुद्रावर रेखांश काढू शकणारे घड्याळ तयार झाले. १८०० च्या सुमारास ब्रिटन वर्षाला सुमारे २ लाख घड्याळे बनवत होता, असा अंदाज दिला जातो.

पुढची घसरणही थोडक्यात सांगता येते. १७९७ मध्ये घड्याळांवर कर बसला. ओरड इतकी झाली की पुढच्याच वर्षी तो उठवावा लागला. १८४३ च्या सुमारास लंडनमध्ये यंत्रांवर घड्याळे काढणारी कंपनी निघाली, तेव्हा व्यापाऱ्यांनी आणि कारागिरांनी मिळून तिला संसदेपर्यंत विरोध केला आणि ती बुडाली. पुढच्याच दशकात अमेरिकेत तेच तंत्र रुजले. ज्यांनी ती कंपनी बुडवली, त्यांच्याच नातवंडांना पुढे काम मिळेना.

खरी गुंतागुंत १८८७ च्या व्यापारी चिन्हांच्या कायद्यात आहे. ‘मेड इन जर्मनी’ हा शिक्का ज्या कायद्यामुळे जगभर गेला, तोच हा कायदा. घड्याळांपुरती त्यामागची तक्रार अशी : स्विस व्यापारी चांदीच्या केस (मशीन बसवायच्या डब्या) ब्रिटनमध्ये आणून त्यांवर इथला हॉलमार्क मारून घेत. हॉलमार्क सांगतो तो चांदीचा कस, पण गिऱ्हाईक मात्र सिंहाचे चित्र पाहून घड्याळ इंग्लिश समजे. म्हणून कायद्याने दोन गोष्टी केल्या. केस कोणत्या देशात बनली हे हॉलमार्कच्या वेळी जाहीर करायचे. आणि केसवरच्या खुणेवरून लोक एखादा देश समजत असतील व घड्याळावर दुसरा कोणताच देश लिहिलेला नसेल, तर ती खूण म्हणजेच देशाचे वर्णन, असे धरून चालायचे.

हे दुसरे कलम मला फार बोलके वाटते. घड्याळ कुठे बनले, याची व्याख्या त्यात नाही. लोकांना ते कुठले वाटते, एवढेच ते पाहते. कच्ची मशीन एका गावातली, साखळी दुसऱ्या गावातली असताना ‘बनणे’ म्हणजे काय, हा प्रश्न उघडला असता तर इंग्लिश ‘मेकर’ मंडळींचीच पंचाईत झाली असती. कायदा झाल्यावर परदेशी केस इथल्या हॉलमार्कसाठी येणेच जवळपास थांबले आणि स्विस हॉलमार्क असलेली घड्याळे तशीच विकली जाऊ लागली. अखेर १९०७ पासून आयात केसवर वेगळे ब्रिटिश चिन्ह सक्तीचे झाले. गंमत म्हणजे मूळ देश लिहायला लावणाऱ्या अशाच ब्रिटिश आणि अमेरिकी कायद्यांमुळे ‘स्विस’ हा शब्द घड्याळांवर रुळला आणि पुढे तीच त्यांची पत ठरली.

प्रेस्कटमध्ये १८८९ मध्ये उशिरा का होईना मोठा कारखाना निघाला. १९११ पर्यंत तोही बंद झाला. कॉव्हेंट्रीचे कारागीर सायकलींकडे आणि मग मोटारींकडे वळले. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश लष्कराने सैनिकांसाठी मनगटी घड्याळे मागवली ती १२ स्विस कंपन्यांकडून. बॉम्बचे फ्यूज आणि विमानांतली उपकरणे यांनाही हेच कसब लागते, हे कळल्यावर सरकारने युद्धानंतर या धंद्याला हात दिला. चेल्टनहॅमजवळ आणि वेल्समधल्या स्वान्सी खोऱ्यात कारखाने चालू लागले. वेल्समधल्या कारखान्याला गावकरी ‘टिक टॉक’च म्हणत. १९५३ मध्ये एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचलेल्या एका मनगटावर चेल्टनहॅमचे घड्याळ होते. १९८० च्या सुमारास हे सगळे आटोपले.

मधल्या काळात परंपरा तगली ती आइल ऑफ मॅनवर. पुढे तिथे स्थायिक झालेल्या एका कारागिराने १९७० च्या दशकात तेल कमी लागणारे नवे एस्केपमेंट शोधले. १९९९ मध्ये एका बड्या स्विस कंपनीने ते बाजारात आणले. त्याच्या शिष्याच्या कार्यशाळेत मोजक्या गोष्टी सोडल्या तर सगळे भाग आजही तिथेच बनतात. शंभर टक्क्यांच्या सर्वात जवळ जाणारे हे ‘ब्रिटिश’ घड्याळ ज्या बेटावर बनते, ते कायद्याने युनायटेड किंगडमचा भागच नाही. वाद घालणारे हा मुद्दा सहसा काढत नाहीत.

ते बोट ठेवतात २०१४ च्या जुलैवर. थेम्सकाठच्या एका कंपनीने १९०३ च्या पहिल्या विमानाच्या पंखाचे कापड बसवलेले घड्याळ आणले आणि आतली मशीन आपली स्वतःची असल्याचे सांगितले. शौकिनांनी काही दिवसांतच तिचा स्विस पाया ओळखला आणि कंपनीला खुलासा करावा लागला. स्विस मशीन वापरणे हा काही गुन्हा नव्हता. अंगलट आला तो ‘स्वतःची’ हा शब्द. प्रेस्कटचा माल घेणारा लंडनवाला अशा खुलाशाशिवाय आयुष्य काढून गेला, कारण त्याचे कच्चे काम निदान त्याच देशात होत होते. हा फरक लहान नाही, पण टीकाकार सांगतात तेवढा मोठाही नाही.

स्वित्झर्लंडने २०१७ पासून ‘स्विस मेड’साठी उत्पादनखर्चाचा किमान ६० टक्के भाग देशातला असण्याची अट घातली आहे. ब्रिटनमध्ये घड्याळांसाठी असा आकडा नाही. १९६८ च्या एका कायद्यातली कसोटी अशी, की वस्तूत शेवटचा मोठा बदल जिथे झाला, तिथली ती वस्तू. प्रेस्कटची मशीन या हिशेबाने सरळ लंडनची ठरते. तयार स्विस मशीन ब्रिटिश केसमध्ये बसवणे हा ‘मोठा बदल’ धरायचा का, यावर मात्र विक्रेता आणि गिऱ्हाईक यांचे एकमत होणे कठीण. चेल्टनहॅमच्या जुन्या तबकड्यांवर सहाच्या आकड्याखाली बारीक अक्षरांत ‘मेड इन इंग्लंड’ असे लिहिलेले सापडते. आजच्या काही तबकड्यांवर शहराचे नाव तेवढे असते.